लंडनची एक माता औंधात

आपल्या धर्मग्रामांतून युरोपला जाऊन येणाऱ्यांची संख्या आता पुष्कळच वाढली आहे. रोम, लूर्ड्स आणि फातिमा ही यात्रा तर श्रद्धावंतांच्या मनात असतेच. परंतु मुलगा किंवा मुलगी इंग्लंडात स्थिरावलेली असली की तिच्या जोडीला लंडनही घडते. परतल्यावर छायाचित्रे दाखविली जातात : थेम्सवरील टॉवर ब्रिज, संसदभवनाचे घड्याळ, राजवाड्यापुढे उभे राहणारे अस्वली टोप्यांचे शिपाई. चार दिवसांच्या मुक्कामात माणूस याहून अधिक ते काय पाहणार? त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र लंडनच्या प्रेक्षणीय स्थळांमधून निघालेला एक धागा सातारा जिल्ह्यातील औंध या आडगावी येऊन पोहोचतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. तो धागा आई आणि मूल यांच्या प्रतिमेचा आहे, आणि म्हणून आपल्याला तो परका नाही.

सातारा शहराच्या पूर्वेला, रहिमतपूरच्या पुढे, खटाव तालुक्यात औंध वसले आहे. मुलूख पावसाला पारखा, गाव लहान. गावावर टेकडी आणि टेकडीच्या माथ्यावर यमाईदेवीचे मूळपीठ. 'ये माई' या हाकेवरून यमाई हे नाव पडले, असे लोक सांगतात. व्युत्पत्तिशास्त्राला हे मान्य होवो वा न होवो, आईला हाक मारून देवतेचे नाव सिद्ध करणारी लोकबुद्धी आम्हांला मनापासून आवडते. 'मोतमाऊली' म्हणत बांद्र्याची टेकडी चढणाऱ्या आपल्या वाडवडिलांनाही ती परकी वाटली नसती.

याच टेकडीच्या उतारावर श्रीभवानी संग्रहालय उभे आहे. त्याचे कर्ते श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१). ते १९०९ साली औंधच्या गादीवर आले. संस्थान जेमतेम ७२ गावांचे, तेही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले : औंध, किन्हई आजच्या सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी, कुंडल सांगली जिल्ह्यात. उत्पन्न बेताचे. परंतु या राजाच्या आवडीनिवडी उत्पन्नाच्या मापाने कधी चालल्या नाहीत. स्वतः चित्रकार, स्वतः कीर्तनकार, सूर्यनमस्काराचा आग्रही प्रचारक. १९३९ साली त्यांनी महात्मा गांधींच्या विचाराने तयार झालेली राज्यघटना जाहीर करून आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. ती घटना सिद्ध करण्याच्या कामी मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या ज्यू अभियंत्याचा हात होता. त्या वर्षी, ज्या काळी मोठमोठे संस्थानिक शिकारी आणि मेजवान्या यांत मग्न होते त्या काळी, माणदेशाच्या शिवेवरील एका राजाने हे करावे, ही आमच्या मते मराठी इतिहासातील पुरेशी न सांगितली गेलेली गोष्ट आहे.

संग्रहालय १९३८ च्या सुमाराचे. रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रे तेथे आहेत. युरोपातील गाजलेल्या चित्रांच्या प्रतीही आहेत. आणि या सर्वांमध्ये हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे 'माता व बालक' हे दगडी शिल्प आहे. मूर हे विसाव्या शतकातील जगातील अग्रगण्य शिल्पकारांपैकी एक. त्यांची शिल्पे मोठमोठ्या राजधान्यांच्या चौकांत उभी आहेत. त्यांतील एक खटाव तालुक्यात असावे, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

बाळासाहेबांचा विलायतेशी संबंध केवळ कागदोपत्री नव्हता. १९३६ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ते इंग्लंडला गेले होते. तेथे त्यांच्या तुकतुकीत प्रकृतीने 'न्यूज क्रॉनिकल' या दैनिकाच्या लुईज मॉर्गन या लेखिकेला इतके चकित केले, की १९३८ साली त्यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक तिच्या संपादनाखाली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकले आणि बॅरिस्टर झाले. पुढे १९६९ ते १९७२ या काळात तेच लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. म्हणजे औंधच्या वाड्याला लंडन हे पुस्तकात वाचलेले नगर नव्हते.

आता त्या नगराकडे वळू. लंडनचा कॅथलिक इतिहास ठाऊक असलेल्याने पाहिले तर तेथील बहुतेक सुंदर स्थळांच्या पायाशी एक जखम आढळते. टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात पर्यटक राजमुकुटातील हिरे पाहण्यासाठी रांगा लावतात. त्याच किल्ल्यात बिशप जॉन फिशर आणि सर थॉमस मोर हे बंदिवान होते. राजा आठवा हेन्री याला ख्रिस्तसभेचा मस्तक मानण्यास नकार दिल्याबद्दल १५३५ च्या जून आणि जुलैमध्ये, पंधरवड्याच्या अंतराने, दोघांचाही शिरच्छेद किल्ल्याबाहेरील टेकडीवर झाला. १९३५ साली ख्रिस्तसभेने दोघांनाही संतपद दिले. थॉमस मोर राहत असत ते चेल्सी, थेम्सच्या काठी. तेथील जुन्या चर्चजवळ त्यांचा बसलेला पुतळा आहे. नदीकडे तोंड करून बसलेला.

चेल्सीतच आणखी एक गोष्ट घडली, आणि तिचा पुतळा कोठेही नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये वॉल्सिंगहॅमची पवित्र मरिया हे देशातील सर्वांत मोठे मरियातीर्थ होते. राजेदेखील तेथे अनवाणी जात. १५३८ साली राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने ती मूर्ती लंडनला आणून चेल्सी येथे जाळण्यात आली. इप्सविचच्या मरियेचीही तीच गत झाली. सहावा एडवर्ड गादीवर येताच, १५४७–४८ मध्ये, चर्चमधील प्रतिमा काढून टाकण्याचे हुकूम निघाले, आणि गावोगावच्या माता-बालकांच्या मूर्ती फुटल्या, जळल्या, किंवा जहाजांत भरून फ्रान्स-स्पेनकडे विकल्या गेल्या. इंग्लंडमध्ये कोरलेली अलाबास्टर दगडाची नाजूक शिल्पे आज युरोपभर सापडतात, ती याच कारणाने. खुद्द इंग्लंडमध्ये मात्र मरियेची जुनी मूर्ती शोधावी लागते.

ती शोधायची तर साउथ केन्सिंग्टन या भागात जावे. तेथे ब्राँप्टन ऑरेटरी नावाचे भव्य कॅथलिक चर्च आहे. १८८४ साली अभिषिक्त झालेले. लंडनला जाणारी आपली मंडळी रविवारी पुष्कळदा तेथे मिस्साला जातात. बाहेर पडल्यावर लगतचीच इमारत व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाची. प्रवेश विनामूल्य आहे, आणि मिस्सा संपून जेवणाची वेळ होईपर्यंतचा वेळ पुरेसा आहे. इंग्लंडमधील त्या मोडक्यातोडक्या अलाबास्टर शिल्पांचा मोठा संग्रह तेथे आहे. डॉ. हिल्डबर्ग या संग्राहकाने त्यांतील अडीचशेहून अधिक शिल्पे १९४६ साली संग्रहालयाला दिली. एखाद्या मरियेचा हात तुटला आहे, एखाद्या बाळाचे मस्तक गेले आहे. शेजारच्या चर्चमधून नुकतेच बाहेर पडलेल्या माणसाला त्यांच्यापुढे उभे राहिल्यावर काय वाटावे, हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

त्याच वास्तूत राफाएलची सात प्रचंड चित्रे आहेत. पोप दहावे लिओ यांनी सिस्टीन चॅपेलच्या भिंतींसाठी विणून घेतलेल्या पडद्यांचे ते कच्चे आराखडे, १५१५–१६ चे. ब्रुसेल्सच्या विणकरांनी ते पट्ट्या पट्ट्या कापून वापरले; पुढे १६२३ साली इंग्लंडच्या युवराज चार्ल्सने ते विकत घेतले. म्हणजे पोपमहोदयांच्या चॅपेलचे मूळ रेखाटन प्रॉटेस्टंट राजधानीत, आणि त्यावरून विणलेले पडदे रोमला! त्यांतील एका चित्रात प्रभूच्या शब्दावरून पेत्राचे जाळे माशांनी भरून येते. मासे असे अचूक, की वसईच्या पाचूबंदरातील कोणाही कोळ्याने ते जातवार ओळखावेत. होडी मात्र इतकी चिमुकली काढली आहे, की त्या धिप्पाड प्रेषितांसह ती क्षणभरही तरंगती ना. राफाएलला हे कळत नव्हते असे नाही. त्याला माणसे दाखवायची होती.

याच संग्रहालयात नकलांची दोन दालने आहेत, १८७३ साली उघडलेली. रोममधील ट्रेजनचा स्तंभ दोन तुकड्यांत, प्लास्टरमध्ये. मायकेलअँजेलोचा दावीद, तोही प्लास्टरचा; १८५७ साली टस्कनीच्या ड्यूकने व्हिक्टोरिया राणीला पाठविलेला. राजघराण्यातील स्त्रिया भेटीस येत तेव्हा त्या दाविदाला लावण्यासाठी प्लास्टरचे एक पान करून ठेवलेले होते! या दालनांमागे एक गंभीर हेतू होता. जो कारागीर रोमला कधीच जाणार नाही, त्याने रोम लंडनमध्ये पाहावे. औंधच्या राजाने युरोपीय चित्रांच्या प्रती आपल्या खेड्यात टांगल्या, त्यामागील विचार याहून वेगळा नव्हता. जो शेतकरी मुंबईलाही जाणार नाही, त्याच्या मुलाने जगातील उत्तम चित्रे कशी असतात ते गावातच पाहावे. नक्कल म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की आपल्या चर्चमधील मरियेची मूर्तीही बहुधा कोणत्यातरी मूर्तीची प्रतच असते, आणि तिच्यापुढील प्रार्थना त्यामुळे उणी ठरत नाही.

नकलांचा हा व्यवहार एकतर्फी नव्हता. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रती करविल्या. पेस्तनजी बोमनजी हे नामवंत चित्रकार त्या विद्यार्थ्यांपैकीच. गुंफांच्या अंधारात, हंगामामागून हंगाम, या मुलांनी काम केले. तयार झालेले कापड साउथ केन्सिंग्टनला जाई. १८८५ साली तेथे आग लागली आणि त्यांतील कितीतरी चित्रे जळाली. त्यापूर्वी मेजर रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतीही १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत बहुतेक सर्व नष्ट झाल्या होत्या. पुढे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकारांना घेऊन अजिंठ्याला गेले, तेथे प्रती करविल्या, आणि १९३२ साली अजिंठ्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. या वेळच्या श्रमांचा धनी लंडनचे कोठार नव्हते.

आता मूर यांच्याकडे येऊ. हेन्री मूर यांचा जन्म १८९८ सालचा, यॉर्कशायरमधील कॅसलफर्ड या खाणगावचा. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. आठ मुलांतील हे सातवे. आईला संधिवात होता. लहानपणी आपण तिची पाठ तेल लावून चोळून देत असू, हे मूर पुढे मोठेपणी सांगत, आणि बोटांनी ओळखलेली ती रुंद, हाडापेराची पाठ आपल्या शिल्पांत उतरली असेही म्हणत. पहिल्या महायुद्धात ते लढले. १९१७ साली कांब्रेच्या लढाईत त्यांना विषारी वायूची बाधा झाली. माजी सैनिकांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीमुळे खाणकामगाराच्या या मुलाला कलाशिक्षण घडले. १९२१ साली ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये आले. हे कॉलेज तेव्हा साउथ केन्सिंग्टनच्या त्या संग्रहालयाला लागूनच होते. मूर यांचा खरा गुरुकुलवास मात्र ब्रिटिश म्युझियममध्ये झाला. ईजिप्त, मेक्सिको, आफ्रिका येथील दगड त्यांनी तेथे तासन्‌तास पाहिले. गंमत अशी, की ज्या मेक्सिकन मूर्तीने त्यांच्या हाताला वळण लावले, ती त्यांनी पॅरिसच्या संग्रहालयात पाहिली ती प्लास्टरच्या नकलेत!

१९३२ पासून मूर चेल्सीच्या कलाशाळेत शिकवू लागले. थॉमस मोरांचे चेल्सी, वॉल्सिंगहॅमच्या मरियेची राख झाली ते चेल्सी. मूर काही कॅथलिक नव्हते, आणि चर्चशी त्यांचे नाते सैलच होते. त्यामुळे यात कोणी ईश्वरी योजना शोधू लागल्यास आम्ही त्याच्या मागे जाणार नाही. परंतु त्या काळात त्यांच्या छिन्नीखाली पुन्हा पुन्हा एकच विषय येत होता : आई आणि तिच्या अंगाशी असलेले मूल. त्यांना दगड दगडच ठेवायचा होता, मऊ कांतीचे सोंग त्याला द्यायचे नव्हते. म्हणून त्यांच्या माता डोंगरासारख्या दिसतात. बहुतेक लंडनकरांनी तेव्हा या मातांची थट्टाच केली.

थट्टा थांबली ती युद्धाने. १९४० च्या शरदात जर्मन विमाने रात्रीमागून रात्री बाँब टाकू लागली आणि लंडनची माणसे भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपू लागली. मूर यांनी तेथे मुलांना कवटाळून निजलेल्या आया पाहिल्या व त्यांची चित्रे काढली. लोकांना त्या चित्रांत आपले दुःख ओळखता आले. त्यानंतर वॉल्टर हसी या अँग्लिकन धर्मगुरूने नॉर्थॅम्प्टन येथील आपल्या सेंट मॅथ्यूज चर्चसाठी मूर यांच्याकडे मरिया आणि बाळ येशू यांची मूर्ती मागितली. मूर यांनी लगेच होकार दिला नाही. कोणतीही आई आणि प्रभूची आई यांच्यात शिल्पकाराने फरक कसा दाखवावा, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. मातीची लहान लहान प्रतिरूपे करून त्यांनी तो सोडविण्याचा यत्न केला, आणि १९४४ साली ती मूर्ती चर्चमध्ये बसली. स्थानिक वृत्तपत्रांतून बराच गदारोळ झाला. मूर्ती राहिली.

या पार्श्वभूमीवर औंधचे शिल्प पाहावे. येथील आई ही मरिया नाही. ती कोणा एका धर्माची नाही. मूर यांनी तिला नुसतेच 'माता' म्हटले. तिला ठेवले एका हिंदू राजाने, आपल्या कुलदेवतेच्या टेकडीवर. तिचा निर्माता प्रॉटेस्टंट देशातील खाणकामगाराचा मुलगा. आणि तिच्यापुढे आपण उभे राहतो ते जपमाळेवर वाढलेले लोक. आम्हांला तिच्यात मरिया दिसली तर ती चूक म्हणावी का? राजाच्या टेकडीवर यमाईच्या भक्ताला यमाई दिसत असेल. दगड दोघांनाही नाही म्हणत नाही.

येथे औंधला जाणाऱ्यांसाठी एक आडवाट सुचवतो. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणविसांनी बांधलेल्या कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तीवर पवित्र मरिया आणि बाळ येशू यांची आकृती असून १७०७ हे साल कोरलेले आहे. ही घंटा आपल्या वसईची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा चर्चमधील घंटा विजयाच्या खुणा म्हणून देशावर गेल्या, त्यांतील ही एक. वसईकर ख्रिस्ती माणसाला तिच्यापुढे गलबलून येणे साहजिक आहे. परंतु त्याच वसईत पोर्तुगीज अमलात देवळे पाडली गेली होती, हे विसरून गलबलून येणे इतिहासाला धरून होणार नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चेल्सीत मरियेची मूर्ती जाळली गेली. मेणवलीत मरियेची आकृती कोणी घासून काढली नाही. पेशवाईतील एका ब्राह्मण मुत्सद्द्याच्या घाटावर, शिवाच्या देवळाच्या सान्निध्यात, ती अडीचशे वर्षे तशीच आहे.

मेणवलीची मरिया लुटीतून आली, औंधची माता आदरातून आली. एकाच जिल्ह्यात, काही तासांच्या अंतरावर, या दोन्ही आया पाहता येतात. इतिहासाचे पुस्तक हा फरक शिकवील. पण तो डोळ्यांनी पाहण्याची सोय फार थोड्या ठिकाणी असते. मुलांना सुट्टीत महाबळेश्वरला नेणाऱ्या कुटुंबांना ही वाट फार लांबची नाही.

औंध पाहून मग ज्यांना कधी लंडनला जाण्याचा योग येईल, त्यांनी सेंट पॉल हे महामंदिर टाळू नये. जुने महामंदिर १६६६ च्या आगीत जळाले. आजचे क्रिस्टोफर रेन यांनी १६७५ ते १७१० या काळात बांधले. प्रतिमांविषयी तेथे दीर्घ काळ संशय होता. १८८८ साली वेदीमागे क्रुसावरील प्रभू आणि मरिया-बालक यांच्या मूर्ती असलेली भिंत उभारली, तर त्यावरून कोर्टकचेरी झाली. १९४० मध्ये बाँब पडून त्या भिंतीची हानी झाली, आणि युद्धानंतर ती काढून टाकण्यात आली. पुढे १९८४ साली वेदीच्या उत्तरेकडील मार्गिकेत हेन्री मूर यांचे शेवटच्या वर्षांतील एक शिल्प आणून ठेवले गेले. त्याचेही नाव 'माता व बालक'. ते ट्रॅव्हर्टाइन या दगडात कोरलेले आहे. रोमचे कोलोसियम आणि संत पेत्राच्या चौकातील स्तंभ ज्या दगडाचे, तोच हा. बुरख्यासारख्या मोठ्या वळणाच्या आत लहानसा जीव सामावलेला. औंधच्या मातेहून ही कितीतरी वर्षांनी धाकटी.

तिच्या समोरच्या, दक्षिणेकडील मार्गिकेत कफन पांघरून उभ्या असलेल्या एका माणसाचा संगमरवरी पुतळा आहे. तो कवी जॉन डन यांचा. जुन्या महामंदिरातून आगीतून जवळजवळ अखंड वाचलेला हा पुतळा. खालच्या भांड्यावर धगीच्या खुणा अजून आहेत. डन हे पुढे येथील मुख्य अँग्लिकन धर्मगुरू झाले, पण जन्म कॅथलिक घरातला. त्यांची आई थॉमस मोर यांच्या कुळातली, आणि भाऊ हेन्री १५९३ साली न्यूगेटच्या तुरुंगात तापाने मेला. एका कॅथलिक धर्मगुरूला त्याने आपल्या खोलीत आसरा दिला होता.